प्रश्न तुमचे: नाइन-बॉलमध्ये पहिला कोण?

गेल्या अंकात याच पानावर एका उत्तराच्या ओघात आम्ही लिहिलं होतं की, नाइन-बॉलपुरतं (टेबलावरच्या पूल या खेळाचा नऊ बॉलचा प्रकार, ज्यात सगळ्यात लहान नंबराचा बॉल आधी लागलाच पाहिजे) बोलायचं तर अर्ल स्ट्रिकलंड पहिला, एफ्रेन रेयेस नव्हे. एवढ्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली आणि त्यातली बरीचशी रागावलेली आहेत. म्हणून हे पान आज याच विषयाला.

प्रश्न (पुणे): फिलिपिन्सच्या रेयेसला सगळं जग ‘जादूगार’ म्हणतं. खुद्द मोठमोठे खेळाडू त्याचं नाव पहिलं घेतात. मग तुम्ही त्याला दुसऱ्या नंबरवर कोणत्या आधारावर बसवता?

उत्तर: तुम्ही ‘पूलचा सर्वांत मोठा खेळाडू कोण’ असं विचारलं असतं, तर आम्हीही रेयेसच म्हटलं असतं. एट-बॉलचं जागतिक विजेतेपद (२००४), २००६ मध्ये रीनोला एट-बॉलच्याच एका स्पर्धेत जिंकलेले पाच लाख डॉलर, वन-पॉकेटमधली हुकमत, शिवाय रोटेशन आणि कॅरम बिलियर्ड्स. इतक्या प्रकारांत इतक्या उंचीवर खेळलेला दुसरा माणूस दाखवता येत नाही.

प्रश्न नाइन-बॉलचा आहे. या खेळात दोन स्पर्धा सगळ्यांत वरच्या मानल्या जातात: १९७६ पासूनची यूएस ओपन आणि १९९० पासूनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. स्ट्रिकलंडकडे यूएस ओपन पाच वेळा आहे (१९८४, १९८७, १९९३, १९९७, २०००) आणि जागतिक विजेतेपद तीन वेळा (१९९०, १९९१, २००२). एकूण आठ. रेयेसकडे प्रत्येकी एक: १९९४ ची यूएस ओपन, जी जिंकणारा तो पहिला बिगर-अमेरिकी, आणि १९९९ मध्ये कार्डिफला मिळवलेलं जागतिक विजेतेपद. आठ विरुद्ध दोन हा फरक नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही.

रेयेसच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. तो अमेरिकेत पहिल्यांदा खेळला १९८५ मध्ये, वयाच्या तिशीनंतर. त्याआधीची त्याची उमेदीची वर्षं मनिलाच्या टेबलांवर गेली आणि तिथले विजय कुठल्याच तक्त्यात नाहीत. हा मुद्दा धरला तरी आठ आणि दोनमधली दरी थोडी अरुंद होते, बुजत नाही.

प्रश्न (दादर, मुंबई): १९९६ ला हाँगकाँगमध्ये दोघांची एक लाख डॉलरची लढत झाली होती. १२० रॅकपर्यंतची ती रेस (रॅक म्हणजे एक डाव, आधी १२० डाव घेईल तो विजेता) रेयेसने जिंकली. समोरासमोर निकाल लागल्यावर वाद उरतोच कुठे?

उत्तर: स्कोअर बघा: १२०–११७. एवढ्या लांब लढतीत तीन रॅकचा फरक म्हणजे बरोबरी.

हिशेब सोपा आहे. दोन खेळाडू अगदी तोलामोलाचे धरले, तरी २३७ रॅकमध्ये नुसत्या नशिबाने दहा-पंधरा रॅकचा फरक सहज पडू शकतो. तीन रॅकवरून कोण सरस हे ठरत नाही. त्या लढतीतून सिद्ध काय झालं असेल तर त्या वर्षी दोघांत डावं-उजवं करता येत नव्हतं, इतकंच. मागे पडलेला असताना रेयेसने ती खेचून आणली, ही त्याच्या धीराची गोष्ट. तेवढं श्रेय त्याचं.

लांब रेस का महत्त्वाची, तेही याच हिशेबातून कळतं. समजा एक खेळाडू दर १२ रॅकमधले सरासरी ७ जिंकतो. ११ रॅकच्या रेसमध्ये तो पाचातली एक मॅच तरी हरणार. हीच रेस १२० ची केली तर तो हजारात जेमतेम चार-पाच वेळा हरेल. म्हणून कुणी एखादी छोटी मॅच पुरावा म्हणून पुढे केली की आम्ही ती बाजूला ठेवतो. वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या मैदानांत जिंकलेल्या स्पर्धा धरतो.

प्रश्न (नाशिक): जुन्या पिढीतल्या लूथर लॅसिटरचं नाव कुणीच कसं घेत नाही?

उत्तर: जाणकार घेतात. नॉर्थ कॅरोलिनाचा हा माणूस १९५० आणि ६० च्या दशकांत नाइन-बॉलमध्ये अव्वल समजला जायचा. अडचण अशी की तो खेळत होता तो खेळ नियमांनी वेगळा होता.

तेव्हा ‘पुश-आउट’ कधीही करता यायचा. समोरचा रस्ता बंद असेल तर क्यू बॉल (क्यूने मारायचा पांढरा बॉल) हव्या त्या जागी ढकलायचा आणि प्रतिस्पर्ध्याला म्हणायचं, मार नाहीतर मला परत दे. ‘बॉल इन हँड’ (क्यू बॉल हवा तिथे ठेवून मारायची मुभा) मिळायला प्रतिस्पर्ध्याचे लागोपाठ दोन फाउल लागायचे. त्यामुळे लांबचा, अवघड बॉल सरळ पॉकेटमध्ये घालणारा माणूस राजा होता. सेफ्टीला (समोरच्याला सोपा बॉल मिळू नये म्हणून मारलेल्या शॉटला) फारशी किंमत नव्हती आणि किक मारायची, म्हणजे क्यू बॉल आधी कुशनवर (टेबलाच्या रबरी काठावर) आपटून बॉल गाठायची गरज क्वचितच पडायची.

१९८० च्या दशकात चित्र पालटलं. पुश-आउट फक्त ब्रेकनंतरच्या (रॅक फोडणाऱ्या सुरुवातीच्या शॉटनंतरच्या) पहिल्या शॉटला राहिला आणि एका फाउलवर बॉल इन हँड मिळू लागला. आता क्यू बॉल दुसऱ्या बॉलच्या आड लपवला की समोरच्याला किक मारूनच नंबराचा बॉल गाठावा लागतो. चुकला की बहुतेक वेळा रॅक गेला. आणि नेमक्या याच काळात रेयेस अमेरिकेत उतरला. तो फिलिपिन्समध्ये १५ बॉलच्या रोटेशनवर वाढला होता. त्यात सगळ्यात लहान नंबराचा बॉल आधी लागलाच पाहिजे, प्रत्येक बॉलला त्याच्या नंबराइतके गुण आणि ६१ झाले की डाव जिंकला. टेबलावर १५ बॉलची गर्दी असताना लहान बॉलपर्यंत वाट काढायची सवय त्याच्या हाडीमाशी खिळलेली होती. नवा नियम जणू त्याच्यासाठीच आला.

लॅसिटर आणि रेयेसची थेट तुलना म्हणूनच आम्ही करत नाही.

प्रश्न (कोल्हापूर): रेयेसच्या किकचे व्हिडिओ बघून तसं मारायला जातो, पण बॉल कधी आधी लागतो, कधी पुढे निघून जातो. यामागे काही मोजमाप असतं की नुसती नजर?

उत्तर: मोजमाप असतंच. १९९५ मध्ये स्ट्रिकलंडविरुद्ध त्याने दोन कुशनवरून ५ नंबरचा बॉल घातला, तो शॉट लोक अजून दाखवतात. तोही हवेतून काढलेला नाही. त्यामागे कुशनचा अभ्यास आहे.

सुरुवात एका कुशनपासून करा. ९ फुटी टेबलाचा खेळायचा भाग १०० × ५० इंच असतो, म्हणजे काठावरच्या दोन डायमंडमधलं (लाकडावरच्या खुणांमधलं) अंतर साडेबारा इंच. क्यू बॉल आणि लक्ष्याचा बॉल या दोन्हींपासून कुशनवर काटकोनात रेघ ओढली आहे असं समजा आणि दोघांची कुशनपासूनची अंतरं बघा. अंतरं सारखी असतील तर दोन रेघांच्या बरोबर मध्ये मारायचं. नसतील तर त्याच प्रमाणात भाग पाडायचे. उदाहरणार्थ, क्यू बॉल कुशनपासून २ डायमंड लांब, लक्ष्य १ डायमंड लांब, आणि दोन रेघांमध्ये ३ डायमंडचं अंतर. तर क्यू बॉलच्या रेघेपासून २ डायमंडवर कुशन लागली पाहिजे. अंतर कुशनच्या अगदी कडेपासून धरू नका. बॉलचा मध्य कडेपासून इंचाहून थोड्या जास्त अंतरावरूनच परततो, तिथून मोजा. पुष्कळांचं पहिलं गणित इथेच फसतं.

दुसरी चूक जोराची. जोरात मारलेला बॉल कुशनमध्ये खोल रुततो आणि अपेक्षेपेक्षा आखूड कोनात बाहेर येतो. हलका, लोळत गेलेला बॉल लांब पडतो. म्हणून सराव एकाच मध्यम वेगाने करा, वेग बदललात की मोजमापाला अर्थ नाही. तिसरी चूक नकळत लागलेल्या साइडची (क्यू बॉल मध्याच्या डावीकडे-उजवीकडे मारल्याने मिळणाऱ्या फिरकीची). बॉल ज्या दिशेने जातोय त्याच बाजूची साइड लागली तर तो लांब सुटतो, उलट साइडने आखूड येतो. टिप (क्यूचं टोक) बॉलच्या मध्यरेषेवर लागते आहे ना, हे पट्टा असलेल्या बॉलवर बघा: पट्टा उभा ठेवून मारा, तो डुगडुगत गेला तर साइड लागतेय.

तीन कुशनसाठी ‘कॉर्नर फाइव्ह’ पद्धत आहे आणि ती म्हणजे साधी वजाबाकी. क्यू बॉल कोपऱ्यातून निघतो तेव्हा त्याचा आकडा ५. तिसऱ्या कुशनवर तो २ नंबरच्या डायमंडला पोचवायचा असेल तर ५ वजा २, म्हणजे समोरच्या लांब कुशनवर पलीकडच्या कोपऱ्यापासून मोजून तिसऱ्या डायमंडवर नेम धरायचा. यात जाणाऱ्या दिशेची साइड मुद्दाम द्यावी लागते. नेम लाकडावरच्या खुणेवर धरायचा, रबराच्या कडेवर नाही.

एवढं करूनही आकडे तुमच्या टेबलावर तंतोतंत बसणार नाहीत. नवं कापड घसरतं, त्यावर बॉल लांब जातो. पावसाळ्यात कापड दमट झालं की तोच शॉट आखूड येतो. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हा फरक चांगलाच जाणवतो. खेळायला उभं राहण्याआधी कोपऱ्यातून एक ५ वजा २ मारून बघायचा. अर्धा डायमंड आखूड आला तर त्या दिवशी प्रत्येक शॉटला तेवढी दुरुस्ती. आणि स्नूकरच्या टेबलावर हे शिकायला जाऊ नका. तिथे डायमंडही नसतात आणि कुशनचा स्वभावही वेगळा.

प्रश्न (ठाणे): शेन व्हॅन बोनिंग स्ट्रिकलंडपेक्षा मोठा नाही का? आजची स्पर्धा पूर्वीपेक्षा कितीतरी कठीण आहे.

उत्तर: पहिल्या जागेवर खरा दावा सांगू शकेल असा हाच एक. यूएस ओपन पाच वेळा (२००७, २०१२, २०१३, २०१४, २०१६), त्यात सलग तीन. जागतिक विजेतेपद २०२२ मध्ये. एकूण सहा. आणि तुमचा मुद्दा बरोबर आहे: अलीकडे यूएस ओपनला २५६ खेळाडू असतात आणि त्यात युरोप-आशियाचे डझनावारी खेळाडू विजेतेपदाच्या ताकदीचे. १९८४ मध्ये असं नव्हतं.

तरीही आमचा कौल स्ट्रिकलंडकडे झुकतो, कारण २००२ चं त्याचं कार्डिफचं विजेतेपद. तिथे १२८ जणांचं आंतरराष्ट्रीय मैदान होतं, त्याची चाळिशी उलटलेली, आणि अंतिम सामन्यात फिलिपिन्सच्या बुस्तामान्तेसारखा खेळाडू १७–१५ ने हरवला. म्हणजे फक्त सोप्या काळाचा राजा म्हणून त्याला निकालात काढता येत नाही. त्याचं प्रेक्षकांशी आणि पंचांशी भांडणं, चिडणं सगळ्यांना माहीत आहे. ते आम्ही गुणांत धरत नाही.

ब्रेकमध्ये मात्र व्हॅन बोनिंग पुढे. त्याचा ब्रेक बघताना बॉल किती पडले याच्याआधी क्यू बॉल कुठे थांबला ते बघा: टेबलाच्या मध्याजवळ, जवळपास जागच्या जागी. १ नंबरच्या बॉलला पूर्ण समोरून लागल्याशिवाय असं होत नाही. जरा पातळ लागला की क्यू बॉल बाजूच्या पॉकेटकडे पळतो आणि अर्धा जोर वाया जातो. घरच्या सरावाला आधी जोर सत्तर टक्क्यांवर आणा, क्यू बॉल मध्यात थांबायला लागला की मगच वाढवा. आणि रॅक लावल्यावर १ नंबरचा बॉल मागच्या दोन्ही बॉलना टेकलाय का ते वाकून बघा. फट असेल तर कुणाचाही ब्रेक मरतो.

प्रश्न (न्यू जर्सी): फ्योदोर गोर्स्टला यादीत कुठे ठेवाल?

उत्तर: २०१९ आणि २०२४ ची जागतिक विजेतेपदं, २०२४ चीच यूएस ओपन, आणि जन्म २००० चा. सध्या यादीच्या दाराशी. दहा वर्षांनी पुन्हा विचारा.

प्रश्न (पणजी): ही सगळी चर्चा पुरुषांचीच. महिलांमध्ये?

उत्तर: तिथे वादच होत नाही. इंग्लंडची ॲलिसन फिशर स्नूकरची अनेक वेळची विश्वविजेती. १९९५ मध्ये ती अमेरिकेत पूलकडे वळली आणि पुढच्याच वर्षापासून नाइन-बॉलची जागतिक विजेतेपदं घेऊ लागली: १९९६, १९९७, १९९८ आणि २००१. जेनेट ली जास्त प्रसिद्ध, पण हे विजेतेपद तिला एकदाही मिळालं नाही.

प्रश्न (सांगली): वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंना एकाच आकड्यात मोजायची सोय नाही का? आणि आपला खेळ त्या मापाने मोजता येईल का?

उत्तर: दोन मापं आहेत. फार्गोरेट हे कोण कुणाविरुद्ध किती रॅक जिंकलं यावरून काढतात. १०० गुणांचा फरक म्हणजे वरचा खेळाडू दोनास एक या प्रमाणात रॅक जिंकेल. पण यासाठी निकालांच्या नोंदी लागतात, त्यामुळे लॅसिटरला त्यात बसवता येत नाही.

दुसरं माप व्हिडिओवरून कुणालाही काढता येतं. अमेरिकेत ॲक्यू-स्टॅट्सने ते रूढ केलं. पॉकेटमध्ये घातलेले बॉल भागिले घातलेले बॉल अधिक चुका. चुकांमध्ये हुकलेला बॉल येतो, पुढच्या बॉलसाठी जागा बिघडली तर ती येते, फसलेली सेफ्टी, न लागलेली किक आणि ब्रेकवर पडलेला क्यू बॉलही येतो. ६३ बॉल घातले आणि ७ चुका झाल्या तर ६३ भागिले ७०, म्हणजे ०.९००. मोठ्या स्पर्धांतला चांगला खेळ इथून सुरू होतो. मोबाइल उभा करून सलग दहा रॅक रेकॉर्ड करा आणि चुकांचे चार रकाने पाडा: हुकले, जागा बिघडली, सेफ्टी-किक, ब्रेक. क्लबमधल्या बहुतेक खेळाडूंचा दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब निघतो, आणि सराव मात्र ते पहिल्याचाच करत असतात. तो रकाना भरताना मन कठोर ठेवा: पुढचा बॉल गेला, पण जागेवरून उलटं वाकून मारावा लागला, तर तीही चूकच लिहायची.