राइट क्लिकला कुलूप, फोटो मात्र फरार

प्रश्न : येवल्यात आमचं घरचं पैठणीचं काम आहे, तीन माग आहेत. धाकट्या जावेनं हट्टानं वेबसाइट करून घेतली. दिवाळीआधी पुण्याहून एका बाईंचा फोन आला, "तुमच्या साडीच्या पदराचे मागचे धागे निघायला लागलेत." बिल मागवलं तर दुकान भलतंच! त्यांच्या पानावर फोटो मात्र आमचे, मागे आमच्या ओसरीची निळी भिंतसुद्धा तशीच. वेबसाइट करणाऱ्या मुलानं मग चार हजार घेऊन राइट क्लिक बंद करून दिलं. तरी गेल्या महिन्यात आणखी तीन फोटो गेले. पक्का बंदोबस्त काय करावा?
– एक वाचक, येवला

उत्तर : ताई, निळ्या भिंतीपाशी आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. चोरानं भिंत कापायचेही कष्ट घेतले नाहीत.

पक्का बंदोबस्त नसतो, हे आधीच सांगून टाकतो. वेबसाइटवरचा फोटो बघणाऱ्याच्या फोनमध्ये उतरतो, तेव्हाच तो दिसतो. म्हणजे दिसला तेव्हा कॉपी होऊन गेलेली असते. राइट क्लिक बंद करणं म्हणजे पाहुण्याच्या हातावर लाडू ठेवायचा आणि डब्याला झाकण लावायचं. फोनवर दोन बटणं दाबली की स्क्रीनशॉट निघतो. संगणकावर ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट, म्हणजे असली कुलपं चालवणारी सोय, बंद केली की ते कुलूप आपोआप गळून पडतं. चार हजार गेले ते गेले.

त्या कुलपाचा त्रास झालाच तर गिऱ्हाइकाला होतो. मी माझ्या बहिणीला तुमची वेबसाइट उघडून दिली. तिला वांगी रंगाची आवडली. नणंदेला पाठवावी म्हणून तिनं फोटोवर बोट दाबून धरलं, तर 'कॉपी करण्यास मनाई आहे' अशी लाल पाटी आली. "मला काय चोर समजतात का?" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. आपल्याकडे पैठणी एकटी बाई घेत नाही. फोटो आईकडे जातो, बहिणीकडे जातो, मग रंग ठरतो. ती पाटी आजच काढायला सांगा.

खरं भोक दुसरीकडेच आहे. तुमची साइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर आहे. एक फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या लहानमोठ्या बऱ्याच प्रती करून ठेवतं. पानावर मधली प्रत दिसते आणि तिच्या फाइलच्या नावामागे १०२४ आणि ६८३ असे आकडे जोडलेले असतात. मी तुमच्या बांगडी मोर नक्षीच्या फोटोचा पत्ता घेतला, शेवटचे आकडे खोडले आणि एंटर दाबलं. थेट मूळ फाइलच आली. २०१९ सालच्या ५.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस फार मोठा फोटो २५६० पिक्सेलवर आणतं आणि त्या प्रतीच्या नावाला 'स्केल्ड' असं शेपूट लावतं. मूळ फाइल मात्र सर्व्हरवर, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकावर, तशीच राहते. म्हणून आकडे खोडताच कॅमेऱ्यातून निघालेला ६००० बाय ४००० पिक्सेलचा अख्खा फोटो समोर! जरीची तार न् तार मोजून घ्यावी असा. एवढ्या फोटोतून वीस इंच रुंद छपाई उत्तम होते. दारावर राइट क्लिकचा पहारा आणि परसदार सताड उघडं.

मिरजेत बावीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या प्रिंट हव्या तेवढ्या न्या म्हणायचो, निगेटिव्ह मात्र कपाटाबाहेर जात नसे. तुमचा मूळ फोटो ही तुमची निगेटिव्ह आहे. तो घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणखी एक प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी. वेबसाइटवर चढवण्याआधीच लांब बाजू १२०० पिक्सेलपर्यंत आणा. फोनवर तो झकास दिसतो, पण चांगल्या छपाईला जेमतेम चार इंच पुरतो. (फ्लेक्सवाल्यांचं सांगू नका. ते तेवढ्यावरही चौक भरून काढतात.) जुने फोटो सर्व्हरवरून पुसून लहान करून पुन्हा चढवा. कंटाळवाणं काम आहे, पण सुटीत पोरांना बसवा.

वॉटरमार्कचं, म्हणजे फोटोवर छापलेल्या नावाचं म्हणाल, तर कोपऱ्यातलं नाव कात्रीच्या एका फटक्यात जातं. प्रत्येक फोटोवर एकाच जागी तेच नाव असेल तर ते आपोआप पुसता येतं, हे गूगलच्याच संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिलं होतं. आता तर फोनमधलं साधं ॲपही पुसतं. आणि मधोमध आडवं नाव टाकाल तर पदरच झाकला जाईल. विकायचं काय मग, नाव?

त्यापेक्षा खूण साडीसोबत फोटोतच घ्या. प्रत्येक साडीला नंबर आहेच ना तुमचा? जाड कागदाच्या चिठ्ठीवर तो नंबर आणि तुमचं नाव शाईनं लिहा, आणि चिठ्ठी पदराच्या घडीत अशी अडकवा की अर्धी मोराच्या पिसाऱ्याखाली जाईल. कापायला गेलं तर मोर कापला जातो. पुसायला गेलं तर विणीचा तुकडा नव्यानं रंगवावा लागतो, आणि तिथे नक्षी फसते. कुणी फसवणारच नाही असं नाही, पण फुकट्याला एवढी मेहनत नको असते.

दुसरं म्हणजे पदराची उलटी बाजू. तुमच्या चाळीस फोटोंत ती एकदाही नाही, याचं मला नवल वाटलं. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. पुण्याच्या बाईंचे निघाले ते हेच. प्रत्येक साडीचा एक फोटो पदर अर्धा उलटून घ्या आणि खाली लिहा, 'साडी हातात आली की अशीच उलटून बघा.' हा फोटो चोरानं नेलाच, तर त्याचंच गिऱ्हाईक पदर उलटून त्याला विचारेल.

आता कायदा. फोटो काढला त्या क्षणी कॉपीराइट तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण तो कुणाचा, हे बघा. तुम्ही लिहिलंय की निम्मे फोटो पैसे देऊन नाशिकच्या फोटोग्राफरकडून काढून घेतले आणि निम्मे पुतण्यानं हौसेनं काढले. १९५७च्या कायद्याप्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही, वेगळा करार नसेल तर. हौसेनं काढलेल्यांचा मालक पुतण्या! हसू नका, समोरचा वकील हेच पहिलं विचारेल. पुतण्याकडून हक्क तुमच्या नावे केल्याचं सहीनिशी लिहून घ्या. त्यात मुदत आणि प्रदेशही लिहा, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो.

दुकानदाराला फोन करून भांडू नका. आधी पुरावा, मग भांडण. त्याच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या, वरचा पत्ता, तारीख आणि किंमत दिसेल असे. कुणकुण लागली की तो पान काढून टाकेल. मग पान ज्या कंपनीच्या जागेवर आहे तिला लेखी तक्रार करा. मोठ्या कंपन्यांचा त्यासाठी फॉर्म असतो. २०१३च्या कॉपीराइट नियमांतल्या ७५व्या नियमाप्रमाणे तक्रार पटली तर ३६ तासांत मजकूर रोखावा लागतो. पण २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही, तर ते तो परत दाखवू शकतात. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. दावा लावायची वेळ आलीच, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या न्यायालयात लावता येतो, दुकानदाराच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. आणि त्या पुण्याच्या बाईंशी गोड बोला. त्यांचं बिल हा तुमचा सगळ्यात भक्कम कागद आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, पक्ष्यांचे फोटो काढतो. कॅमेऱ्यात माझं नाव भरून ठेवलंय, तरी धनेशाचा फोटो एका कॅलेंडरवर नावाशिवाय छापून आला. असं कसं?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : गुरुजी, कॅमेरा नाव फाइलच्या पोटात लिहितो, चित्रावर नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात की पोटातली माहिती गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर राहते. पण कॅलेंडर छापायला मोठी फाइल लागते, ती फोटो म्हणून केलेल्या साध्या फॉरवर्डमधून सहसा मिळत नाही. पूर्ण आकाराचा फोटो कुणाकुणाला दिला होतात ते आठवा. एखादी स्पर्धा असेल तर प्रवेशअर्जाच्या अटी काढून वाचा. 'सर्व हक्क आयोजकांकडे' असं तिथे बारीक अक्षरांत असतं आणि खाली आपलीच सही असते.

एक न विचारलेलं सांगतो. मोबाइलनं काढलेल्या फोटोच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. घरट्याचा फोटो कुठेही टाकण्याआधी ते काढून टाका. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. खाली दहा कॅमेरे उभे राहिले तर तो लवकर ढोलीपाशी येत नाही.