टॅपेस्ट्री, म्हणजे रंगीत धाग्यांनी चित्र विणणं, घरी शिकता येते का, आणि तिला कला म्हणायचं की नुसती कारागिरी?

माग विकत घेऊ नका. मजबूत लाकडी चौकट, वरखाली खिळे, ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, पक्का सुती दोरा, बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, लोकर आणि ठोकायला जेवणाचा काटा, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. बाणा ओढून घट्ट करू नका, कमान देऊन सैल टाका आणि मग ठोका, नाहीतर कडा आत येतात. माझा पहिला तुकडा खाली ४० सेंटिमीटर होता आणि वर ३४.

आता दुसरा प्रश्न, तो मला लागतो.

माझा चुलतभाऊ चित्रकार. त्याने गोदावरीच्या घाटावरच्या पावसाचं चित्र दिलं, मी ते पाच महिने विणलं. सगळ्या उभ्या रेघा, आणि दोन रंगांची हद्द सरळ उभी गेली की तिथे चीर पडते, म्हणून मी चित्रच आडवं घातलं, पाऊस डावीकडून उजवीकडे विणला. त्याचा तो ओला करडा रंग लोकरीत मिळेना, मग एका कांडीवर बारीक धागे एकत्र गुंडाळले, आधी दोन निळे एक पांढरा, पुढे एक निळा दोन पांढरे, असं करत करत पाऊस फिकट होत गेला. हे त्याच्या कागदावर नव्हतं. प्रदर्शनात कार्डावर नाव फक्त त्याचं. विचारलं तर म्हणाला, अगं कल्पना माझी, तू उतरवलंस.

उतरवलं म्हणे! स्वित्झर्लंडमधल्या लोझानला १९६२ ते १९९५ टॅपेस्ट्रीची बिएनाले, म्हणजे ठरावीक वर्षांनी होणारं मोठं प्रदर्शन, भरायची, तिथे सुरुवातीला फ्रेंच पद्धतीचा जोर, चित्रकाराने कार्टून, म्हणजे विणायचा नमुना, काढून द्यायचं आणि वर्कशॉपमधल्यांनी विणायचं. त्यात पोलंडची माग्दालेना अबाकानोविच आली आणि पुढे तिने सिसलचे, म्हणजे जाड वनस्पती-तंतूचे, विणलेले अवाढव्य आकार भिंत सोडून छतालाच टांगले. आपल्या मुंबईच्या मोनिका कोरिया यांनी तर विणता विणता मागाची फणी, म्हणजे ताण्याचे धागे रांगेत ठेवणारी, तीच काढून टाकली, त्यामुळे ताण्याचे धागे रांग सोडून वाहत जातात. हे कुठल्या कागदावरून उतरवणार सांगा? आणि पैठणीचा पदर, एकेका रंगाची वेगळी कांडी फिरवून भरलेले मोर, तेही हेच तंत्र आहे, तिथेही विणणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही.

चित्र त्याचंच होतं आणि चांगलं होतं, हे मान्य. नंबर घातलेल्या कार्टूनवरून हुबेहूब विणणारा प्रत्येक जण कलाकार, असंही मी म्हणत नाही. पण तुम्ही सुरुवातीपासून स्वतःचंच चित्र विणा, साधं असलं तरी चालेल, आणि दुसऱ्याचं घेतलंच तर कार्डावर दोन्ही नावं येणार हे ताणा चढवायच्या आधी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, भाऊ असला तरी.