आधी ती यादी बाजूला ठेव

बाळा, रविवारी तुझी वही पाहिली: किती उपास, किती वेळा राग आवरला. देवापुढे नीतिमान, म्हणजे निर्दोष, ठरायला मीही पूर्वी असंच मोजायचो. लोकलमध्ये दादर ते ठाणे उभ्यानंच बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 4 था अध्याय वाच, सावकाश. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे कमावलेली मजुरी आणि फुकट मिळणारी कृपा वेगळी काढतो. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याचा विश्वासच नीतिमत्त्व म्हणून गणला गेला, तोही सुंतेच्या, म्हणजे देवाशी झालेल्या कराराच्या खुणेच्या, आधी! वाण्याकडची तुझी उधारी दुसऱ्यानं भरली, तरी खातं तुझंच मिटतं ना? (तुलना लंगडीच, इथे ख्रिस्ताचं नीतिमत्त्व तुझ्या खाती जमाही होतं.) सत्कर्मं मागून येतात, फळासारखी. मग लूकच्या शुभवर्तमानातल्या 18 व्या अध्यायातला जकातदार बघ, लोक पापी समजायचे तो करवसुली करणारा. वर बघायचीही हिंमत नाही, नुसता ऊर बडवून दया मागतो. नीतिमान ठरून घरी तोच जातो, आपले उपास देवाला सांगणारा तिथला धर्मशील माणूस नाही. अडलास तर बुधवारी भायखळ्याला ये, चहा घेत बोलू.