डब्यातलं पाणी मोजणारी मुलगी

पत्र वाशिम जिल्ह्यातल्या एका शेतकरी वडिलांचं आहे. सहा एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मुलीने दोनदा ‘नीट’ दिली, दोन्ही वेळा गुण कमी पडले. हवामान बदललं तर पिकांच्या उत्पादनाचं काय होईल, याची मॉडेलं तिला करायची आहेत. वडील विचारतात, ‘तिसऱ्यांदा नीटला बसवू, की कॉम्प्युटरचा कोर्स लावून देऊ?’

नमस्कार भाऊ,

गुणांपाशी मी थांबलोच नाही. थांबलो ते तुमच्या या ओळीपाशी : ‘अभ्यास सोडून रोज सकाळी साडेआठला डब्यातलं पाणी मोजून वहीत लिहिते. तीन वर्षं झाली, ओरडून थकलो.’ भाऊ, हवामान खातंही पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतं. तिने ते कुठून तरी शोधून काढलं आणि घरचा ओरडा खात पाळलं. आणि त्याच पत्रात पुढे तुम्ही लिहिता, ‘तिच्यात चिकाटी नाही.’ हे वाचून मला वाईट वाटलं.

‘शेतीतून बाहेर पडावी म्हणून शिकवलं, तर पुन्हा शेतीकडेच चालली’ ही तुमची धास्ती मी समजू शकतो. पण त्या धास्तीपायी तिचं आणखी एक वर्ष घालवू नका. नीट आता पुरे.

कॉम्प्युटरच्या कोर्सचं म्हणाल, तर मोठा गैरसमज इथेच आहे. मॉडेल म्हणजे बटण दाबलं की पुढच्या साली किती क्विंटल होतील ते सांगणारं यंत्र नव्हे. त्याला रोजचं कमाल-किमान तापमान, पाऊस आणि ऊन लागतं, जमिनीची खोली आणि ओल धरायची ताकद लागते. जेएस ३३५ हे सोयाबीनचं वाण पेरलं तर फूल कितव्या दिवशी येतं, शेंग कधी भरते, हेही लागतं. मग ‘तापमान दोन अंशांनी वाढलं तर?’ असं विचारता येतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की सोयाबीनला थोडा फायदा होतो, ज्वारीला फारसा नाही. पण शेंगा भरताना पावसाने ओढ दिली तर तो फायदा हातचा जातो. आकडेमोड कॉम्प्युटर करतो. उत्तर पटण्यासारखं आहे का, हे मात्र ज्याने पीक पाहिलंय त्यालाच कळतं. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. तिच्या वहीतलं ते पान उघडून बघा.

वाट सरळ आहे : एमएचटी-सीईटी, बीएस्सी कृषी, मग पुणे किंवा परभणीला कृषी हवामानशास्त्रात एमएस्सी. जीवशास्त्र गट चालतो. पण सांख्यिकी आणि प्रोग्रामिंगला पर्याय नाही, आणि गणित सुटलं असेल तर ते आजपासून धरावं लागेल. तिथे तिला सवलत देऊ नका. नोकऱ्या आहेत, पण ढिगाने नाहीत : कृषी विद्यापीठं, संशोधन संस्था, हवामान खात्याची कृषी सल्ला सेवा, पीक विमा कंपन्या. संशोधनात जायचं तर पीएचडीपर्यंत धीर धरावा लागेल. बीएस्सी होताच मोठा पगार मिळेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

तिच्या वहीत पाऊस आहे. पेरणीची तारीख, पहिलं फूल आणि एकरी उतारा बहुधा नसेल. तिन्ही वर्षांचे हे आकडे तुम्हाला तोंडपाठ असतील. आज संध्याकाळी तिच्या शेजारी बसा आणि सांगा, ती लिहून घेईल.