सुट्टीहून विमानाने घरी परतताना सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो? आणि त्यात आवडण्यासारखं काही असतं का?

तुमचं म्हणणं असं की विमान तेच, खुर्ची तेवढीच अरुंद, मग जाताना काही वाटत नाही आणि येतानाच का चिडचिड होते. मला विचाराल तर विमानात चिडचिड होतच नाही. जी काय व्हायची ती सगळी जमिनीवर होते. चाकं उचलली की मी माणसात येते.

सुरुवात आदल्या रात्रीच होते. जाताना ज्या बॅगेत सगळं ऐसपैस बसलं होतं, तिच्यात येताना तेच कपडे मावत नाहीत. घड्या घालायचा उत्साह संपलेला असतो, पोहायचे कपडे ओलेच असतात. नवरा बॅगेवर बसतो, मी चेन ओढते. काटा घरी राहिलेला, त्यामुळे वजन हाताने उचलून ठरवायचं. बऱ्याच कंपन्या एका बॅगेला 23 किलो देतात. गेल्या खेपेला काउंटरवर आकडा थांबला 25.4 वर. मग मागच्या सगळ्या रांगेच्या साक्षीने बॅग उघडली. जड बूट पायात गेले, जाकीट अंगात, दोन पुस्तकं पर्समध्ये. काढलेल्या चपला कुठे ठेवायच्या ते न सुचल्याने त्या हातातच. म्हणजे तेच वजन त्याच विमानातून जाणार होतं, फक्त माझ्या अंगावरून! (एका बॅगेत 32 किलोपेक्षा जास्त नको, हा नियम मात्र मला मनापासून पटतो. त्या बॅगा उचलणाऱ्या माणसांच्या कमरेसाठी तो आहे.)

पुढे सुरक्षा तपासणी. द्रवपदार्थांसाठी 100 मिलिलिटरचा नियम आला 2006 साली, विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीला आल्यानंतर. आता काही विमानतळांवर नवे स्कॅनर आलेत आणि तिथे हा नियम सैल झालाय, पण सगळीकडे नाही. त्यामुळे जाताना बिनबोभाट गेलेली बाटली येताना अडते. माझं सनस्क्रीन असंच गेलं. तळाशी जेमतेम बोटभर उरलं होतं, पण मोजतात ते बाटलीचं माप, आतला माल नाही. हुज्जत घालून उपयोग नसतो, तरी मी थोडी घातलीच.

गेटवर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. आपल्या गटाची हाक यायच्या आधीच अर्धं विमान उभं. सोडून देऊ.

आता वरचं. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त आवडला. खिडकीची जागा घ्या, आणि जमलं तर सूर्याच्या उलट्या बाजूची. विमान ढगांच्या वरून जात असताना खाली ढगांवर त्याची सावली पडते आणि तिच्याभोवती रंगीत वर्तुळं उमटतात. डोंगरकड्यावर उभं राहून धुक्यात दिसतं, तेच हे इंद्रवज्र. सावली नीट बघितलीत तर कळेल की वर्तुळाचा मध्य बरोबर तुम्ही बसलाय तिथे असतो. पंखाच्या मागे बसला असाल तर सावलीतही पंखाच्या मागे. पुढच्या रांगेतल्या माणसाला त्याचं स्वतःचं वर्तुळ दिसत असतं. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी झोपलेल्या नवऱ्याला उठवलं. त्याने बघितलं, "हं" म्हणाला आणि परत झोपला.

दुसरी गंमत खिडकीतच असते. तिथे एकामागे एक तीन काचा असतात. मधल्या काचेत खालच्या बाजूला टाचणीने टोचल्यासारखं एक बारीक भोक दिसेल. घाबरू नका, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. हवेचा दाब बाहेरच्या काचेने पेलावा आणि मधली काच राखीव राहावी म्हणून. वर बाहेरचं तापमान उणे पन्नासच्या आसपास असतं, आणि कधी कधी त्या भोकाभोवती बर्फाची पिसं धरतात. नखाएवढी.

आणि रिकामी प्लास्टिकची बाटली. वर असताना झाकण घट्ट लावून ठेवा. केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवलेला असतो. विमान उतरायला लागलं की बाटली कडकड करत आपोआप चेपते. शेजारी लहान मूल असेल तर त्याच्या हातात द्या, त्याचे कान दुखायचे विसरतात. माझ्या वयाच्या बाईने हे दर वेळी करावं का, हा प्रश्न वेगळा.

घर पूर्वेला असेल तर मागून वारं मिळतं आणि प्रवास लवकर आटपतो. लंडनहून न्यूयॉर्कला जायला लागतो त्यापेक्षा यायला साधारण तासभर कमी लागतो, तो या वरच्या वाऱ्यांमुळेच. पण वाचलेला तास नंतर वसूल होतो. आपल्या शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मोठं असतं, म्हणून त्याला दिवस लांबवणं जमतं, आखडणं जमत नाही. पूर्वेकडे आलं की दिवस आखडतो, आणि जेटलॅग जास्त छळतो तो यामुळे.

रात्रीचं उतरणं असेल तर आतले दिवे मंद करतात. काही वेडंवाकडं झालंच तर डोळे अंधाराला सरावलेले असावेत म्हणून. पण त्यामुळे खालचे दिवे काय दिसतात! त्या दहा मिनिटांत कुणी बोलत नाही, आणि घरी जायचंय हे मला पहिल्यांदाच बरं वाटतं.

चाकं टेकली की संपलं. पट्ट्यांचे खटके, सगळे उभे, माना वाकड्या, दार बंदच. शेजारच्याच्या फोनवर आठवडाभराचे मेसेज टुंगटुंग उतरतात आणि त्याचा चेहरा रंग बदलत जातो.

शेवटी बेल्ट. रबरी पट्ट्यांच्या पडद्यातून आपली बॅग नाक बाहेर काढते तो क्षण जमिनीवरचा एकमेव सुखाचा. गेल्या खेपेला तोही नशिबात नव्हता. एकच निळी ट्रॉली बेल्टवर गोल गोल फिरत राहिली, आम्ही दोघं तिच्याकडे बघत. ती आमची नव्हती. तेव्हा एक सांगते, बॅग आली नाही तर त्या हॉलमधून बाहेर पडायच्या आधीच तक्रार लिहून द्या आणि चेक-इनला मिळालेला टॅग जपून ठेवा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला 1999 चा मॉन्ट्रियल करार लागू असेल तर फुटक्या बॅगेची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते, आणि 21 दिवसांत न आलेली बॅग हरवली असं धरून भरपाई मागता येते.

आमची तेवढी ताणली गेली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराशी आली, हँडलला भलत्याच विमानतळाचं लेबल घेऊन. आम्ही तोवर एक दिवस ऑफिस करून आलो होतो. तिची सुट्टी तेवढीच लांबली.