साठपट झूम आणि मायणीचे रोहित

प्रश्न : मी सांगलीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी छंद म्हणून निसर्गाची छायाचित्रे काढतो. माझा कॅमेरा लेन्स न बदलता येणारा, साठपट झूमचा आहे. हिवाळ्यात मायणीच्या तलावावर रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची छायाचित्रे काढली. ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर उत्तम वाटली, परंतु संगणकावर मोठी करून पाहिली तेव्हा पिसांऐवजी रंगाचे फराटे दिसले. व्यावसायिक कॅमेरा घेतल्याशिवाय या छंदात पुढे जाता येणार नाही, असे मित्र म्हणतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे दूरच्या पक्ष्यांपुरते बरेचसे खरे आहे, निसर्ग छायाचित्रण म्हणजे केवळ दूरचे पक्षी, असे मात्र नाही. साठपट झूमच्या बहुतेक कॅमेऱ्यांतील सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून चित्र घडवणारी पट्टी, सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. व्यावसायिक वापरातल्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो आणि क्षेत्रफळाने तो सुमारे तीसपट मोठा भरतो. सेन्सर लहान असल्यामुळेच एवढा झूम गळ्यात अडकवून फिरता येण्याजोग्या कॅमेऱ्यात बसतो. पण झूम पूर्ण ताणला की ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/६.५ च्या आसपास येते (आकडा मोठा तितके छिद्र बारीक), कोवळ्या उन्हात प्रकाश अपुरा पडतो, कॅमेरा आपण होऊन आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० पर्यंत नेतो आणि त्यामुळे चित्रात उमटलेले कण पुसताना पिसांचे बारकावेही पुसून टाकतो. आपल्याला दिसलेले फराटे ते हेच.

त्यावर उपाय म्हणून आयएसओची कमाल मर्यादा मेनूत ४०० वर बांधून ठेवावी, डिजिटल झूम कायमचा बंद करावा आणि कॅमेरा तिपाईवर किंवा निदान बांधाच्या दगडावर टेकवावा. कॅमेऱ्यातील कंपनरोधक यंत्रणा आपल्या हाताचा कंप सावरते, पक्ष्याची हालचाल थांबवू शकत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि लांबवरच्या पक्ष्याची कडा वितळल्यासारखी दिसते. तिथे महागड्या कॅमेऱ्याचेही काही चालत नाही. म्हणून ऊन स्वच्छ पडलेले, पण हवा अजून तापलेली नाही, अशी सकाळची वेळ गाठावी, आणि एकाच रोहिताच्या डोळ्यामागे न लागता निम्म्या झूमवर सगळा थवा, उथळ पाणी आणि पलीकडचा माळ एका चौकटीत घ्यावा. सागरेश्वर अभयारण्यात वाटेच्या जवळ सांबर किंवा चितळ दिसले, तर हाच कॅमेरा मायणीपेक्षा कितीतरी चांगले चित्र देईल, कारण अंतर कमी असले की मधली हवाही कमी असते.

आता या कॅमेऱ्याची जमेची बाजू पाहू. मायणीला जो लहान सेन्सर नडतो, तोच कासला उपयोगी पडतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झालेल्या या पठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात लोक तेरड्याच्या गुलाबी गालिच्याकडे कॅमेरे रोखतात. माझ्या मते तिथले खरे वैभव बोटाच्या पेराएवढ्या वनस्पतींत आहे : सीतेची आसवे, गेंद, आणि चिकट थेंबांवर किडे पकडणारी दवबिंदू. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याने इतक्या जवळून टिपले की सीतेच्या आसवांची एक पाकळी स्पष्ट येते आणि दुसरी धूसर होते. आपल्या कॅमेऱ्यात झूम शून्यावर ठेवून फुलाचे चिन्ह असलेला मॅक्रो मोड निवडल्यास लेन्स फुलापासून एक-दोन सेंटिमीटरवर नेता येते; अशा वेळी निळे-जांभळे फूल तर सुस्पष्ट येतेच, शिवाय मागचा ओला कातळ आणि वर दाटून आलेले ढग हेही ओळखू येतात. ती वनस्पती कुठे उगवली आहे, हे एका चित्रात सांगण्याची सोय या साध्या कॅमेऱ्यात आहे.

हे करताना ॲपर्चर एफ/४ च्या आसपास ठेवावे. जवळचे आणि दूरचे दोन्ही अधिक सुस्पष्ट यावे म्हणून एफ/८ लावण्याचा मोह होतो, पण इतक्या लहान सेन्सरवर बारीक छिद्रातून जाणारा प्रकाश पसरतो आणि सगळे चित्रच मऊ पडते. लेन्सची सावली फुलावर पडणार नाही अशा बाजूने जावे. कासला वारा जवळजवळ नेहमीच असतो. वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडून धरली की फूल स्थिर राहते आणि भुरभुर पावसाचीही सोय होते. आडवे पडण्यासाठी फुलांत शिरू नये. वाटेच्या कडेला कातळाच्या सांदीत हीच फुले असतात, आणि एका चित्रासाठी दहा रोपे चिरडणाऱ्याला छायाचित्रकार म्हणावे, असे मला वाटत नाही. हंगामात प्रवेशासाठी आगाऊ नोंदणी करून जावे आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळावा.

चतुर या उडत्या कीटकाचे चित्र घेताना याच्या उलट करावे. दोन मीटरवर उभे राहून झूम लांबवावा. चतुर उडाला तरी बहुधा त्याच काडीवर परत येऊन बसतो; म्हणून काडीवर फोकस करून, शटरचे बटण अर्धे दाबून थांबावे. असे कॅमेरे बटण दाबल्यावर चित्र घ्यायला जो क्षणभर उशीर लावतात, तो त्यामुळे बराच कमी होतो.

सारांशाने नव्हे, पण आपल्या प्रश्नाला थेट उत्तर द्यायचे तर : पक्षी हाच आपला ध्यास असेल तर लेन्स बदलता येणारा, वापरलेला का होईना, कॅमेरा पुढेमागे जरूर घ्यावा. फुले, कीटक आणि पठारे यांत मन रमत असेल, तर ते पैसे तूर्त बँकेत राहू द्यावेत.

प्रश्न : पांढरा बगळा किंवा गेंदाची फुले टिपली की नुसता पांढरा ठिपका येतो, तपशील उरत नाही. काय करावे?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : भोवतीचे काळपट पाणी किंवा गवत पाहून कॅमेरा प्रकाश वाढवतो आणि पांढरा रंग फुटतो. अधिक-उणे चिन्हाच्या बटणाने एक्स्पोजर उणे ०.७ किंवा उणे १ करावे. चित्र गडद आल्यास नंतर उजळता येते, परंतु फुटलेल्या पांढऱ्यातून पीस परत आणता येत नाही.

प्रश्न : आमच्या मेढ्याकडच्या पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसू लागले आहेत. ते घरी साफ करता येतील का?
— एक वाचक, मेढा, ता. जावळी

उत्तर : ही बुरशी आहे. ती आतल्या भिंगावर असल्यामुळे घरी कॅमेरा उघडू नये, जाणकार दुरुस्ती कारागिराकडेच द्यावा. उशीर झाल्यास भिंगावरील लेप कायमचा खराब होतो. यापुढे कॅमेरा चामड्याच्या पिशवीत किंवा कपाटात कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसह ठेवावा, आणि रंग बदलला की ते दाणे जुन्या कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरावेत. तांदळात ठेवण्याचा सल्ला कोणी दिल्यास मानू नये, कारण त्याची भुकटी झूमच्या नळीत जाते. पावसातून आल्यावर कॅमेरा आधी कोरड्या सुती कापडाने टिपावा, बॅटरी काढून तासभर पंख्याखाली ठेवावा आणि मगच डब्यात बंद करावा.