तरुण डिफेन्समन आणि आकडेवारी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगचा हंगाम संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांतला गोंधळ बहुधा एकच असतो. कुठल्याशा आलेखावर विशी-बाविशीतल्या एखाद्या डिफेन्समनच्या, म्हणजे बचावपटूच्या, नावापुढे लाल पट्टी दिसते आणि वाचक विचारतात की हा मुलगा आता वाया गेला असे समजायचे का. खेळाडू बर्फावर असताना जे घडले, त्यातले त्याने स्वतः किती घडवले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. म्हणून या वेळी निवडक पत्रांना एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या आवडत्या संघातल्या २१ वर्षांच्या डिफेन्समनचे प्लस-मायनस उणे १४ आहे. त्याला पॉवर प्लेवर खेळवतात, तरी ही अवस्था. त्याला बचाव जमत नाही, असेच ना? (टोरांटो)

नाही. पॉवर प्लेवर खेळवतात ‘तरी’ नव्हे, काही अंशी खेळवतात ‘म्हणून’ हा आकडा खाली आलेला असू शकतो. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने केलेल्या गोलांतून समोरच्या संघाचे गोल वजा केले की प्लस-मायनस मिळते; त्यात पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, केलेला गोल धरलाच जात नाही. पण पॉवर प्ले चालू असताना समोरच्या संघाने उलट गोल केला, तर तो बर्फावरच्या प्रत्येकाच्या खात्यात उणे म्हणून पडतो. शिवाय सामन्याच्या शेवटी संघ एका गोलने मागे असताना जादा आक्रमकासाठी गोलरक्षक काढून घेतला जातो, तेव्हा प्रशिक्षक आक्रमक डिफेन्समनलाच बर्फावर पाठवतो, आणि रिकाम्या जाळीत गेलेल्या गोलचा भुर्दंडही त्यालाच बसतो. नॉन-स्ट्रायकरला समोरच्याच्या षटकारांचे श्रेय द्यावे आणि त्याच्या बाद होण्याचा दोषही द्यावा, असा हा हिशेब आहे. सॅन होजे शार्क्सच्या एरिक कार्लसनने २०२२-२३ मध्ये १०१ गुण (गोल आणि गोलांना केलेले साहाय्य मिळून) मिळवले, त्याचे प्लस-मायनस उणे २६ होते, आणि त्याच हंगामासाठी त्याला सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मिळाली.

योगायोगाचा वाटाही लक्षात घ्या. समजा, हंगामभरात पाच विरुद्ध पाच खेळात तो बर्फावर असताना दोन्ही बाजूंचे मिळून ६० गोल झाले आणि दोन्ही संघ अगदी तुल्यबळ होते. तरीही प्रमाण विचलन, म्हणजे योगायोगाने होणारा नेहमीचा चढउतार, जवळजवळ ४ गोलांचे येते; म्हणजे ३४-२६ किंवा २६-३४ हे निकाल निव्वळ नशिबाने सहज संभवतात, आणि त्यातूनच अधिक ८ किंवा उणे ८ तयार होते. मत बनवण्यापूर्वी हे उणे कोणत्या परिस्थितीत पडले ते सामन्यागणिक तपासा, आणि त्या संघाचे सामने नियमित पाहणाऱ्या जाणकाराशी बोला.

प्रश्न : हिट्स (अंगाने दिलेल्या धडका) आणि अडवलेले शॉट जास्त असलेला डिफेन्समन चांगला मानावा का? (न्यू जर्सी)

केवळ त्यावरून मानू नये; जो सतत शॉट अडवत असतो, त्याच्याकडे बहुतेक वेळा पक (खेळाची रबरी चकती) नसतो. शिवाय हिट्सची नोंद प्रत्येक रिंकवरचा नोंदणीकार आपापल्या हाताने करतो, आणि काही रिंकवर हा हात फारच सैल असतो.

प्रश्न : २२ वर्षांच्या एका डिफेन्समनची कॉर्सी टक्केवारी अनुभवी जोडीदारासोबत ५४ आणि त्याच्याशिवाय ४६ आहे. जोडीदारच त्याला वाहून नेतो, हे यावरून सिद्ध होत नाही का? (कॅल्गरी)

सिद्ध होत नाही. शंका घेण्याइतके कारण मात्र मिळते. इतर वाचकांसाठी सांगतो की, पाच विरुद्ध पाच खेळात खेळाडू बर्फावर असताना झालेल्या शॉटच्या सर्व प्रयत्नांपैकी, म्हणजे गोलावर गेलेले, बाहेर गेलेले आणि मध्येच अडवलेले असे सगळे धरून, आपल्या संघाचे किती टक्के होते, हे कॉर्सी सांगते. बफेलो सेबर्सचे तेव्हाचे गोलरक्षक-प्रशिक्षक जिम कॉर्सी यांचे नाव त्याला दिलेले आहे. गोलांपेक्षा प्रयत्नांची संख्या कितीतरी मोठी असल्यामुळे योगायोगाचा हेलकावा कमी होतो : ६० गोलांच्या टक्केवारीत तो साधारण साडेसहाचा असतो, दोन हजार प्रयत्नांच्या टक्केवारीत जेमतेम १.१ चा.

पण जोडीदाराशिवायची मिनिटे कोणती होती, हे पाहिल्याशिवाय ४६ ला अर्थ नाही. जोडी एरवी फुटतच नसेल, तर ती फुटते तेव्हा काहीतरी बिनसलेले असते : कोणी जखमी झालेला असतो, संघ मागे पडलेला असतो, किंवा तिसऱ्या जोडीतला कोणी तरी तात्पुरता शेजारी आलेला असतो. शिवाय उलट बाजूचा आकडा तुम्ही दिलेलाच नाही. तो अनुभवी जोडीदार या मुलाशिवाय किती टक्क्यांवर असतो? तोही ४६ वर असेल, तर कोण कोणाला वाहून नेतो आहे?

सोबत्यांचा आणि प्रतिस्पर्ध्यांचा प्रभाव वेगळा काढणारी रिज प्रतिगमनाची प्रारूपे आज उपलब्ध आहेत आणि ती साध्या टक्केवारीपेक्षा नक्कीच बरी आहेत. मात्र दोन खेळाडू जवळजवळ सगळा वेळ एकत्रच खेळले असतील, तर गणितालाही त्यांना वेगळे करता येत नाही, आणि ते श्रेय दोघांत वाटून मोकळे होते. पहिल्या हंगामातल्या खेळाडूबद्दल तर प्रारूपाच्या उत्तरात प्रत्यक्ष माहितीपेक्षा आरंभी धरलेले गृहीतकच अधिक असू शकते. किमान दोन वेगवेगळी प्रारूपे आणि दोन हंगाम पाहा. ती एकमेकांशी जुळत नसतील, तर प्रारूप वाचता येणाऱ्या माणसाचे मत घ्या.

प्रश्न : प्रशिक्षक त्याला बहुतेक वेळा आक्रमणाच्या झोनमधल्या (समोरच्या जाळीकडच्या भागातल्या) फेसऑफला, म्हणजे पक टाकून खेळ पुन्हा सुरू होतो तेव्हा, पाठवतात. मग त्याचे आकडे फुगलेलेच असणार ना? (एडमंटन)

थोडेसे, लोक समजतात तितके नव्हे. निम्म्याहून अधिक शिफ्ट, म्हणजे खेळाडूच्या बर्फावरच्या पाळ्या, फेसऑफने सुरू होतच नाहीत. खेळ चालू असतानाच खेळाडू बदललेले असतात, आणि झोनच्या टक्केवारीत त्या शिफ्ट धरलेल्याच नसतात.

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा असून डिफेन्समन आहे. वसंतातल्या एका स्पर्धेनंतर एका खासगी कंपनीने त्याचा अहवाल पाठवला : कॉर्सी ४४ टक्के, एकूण १०० पैकी ३८ गुण. वार्षिक पॅकेज घेतल्यास ज्युनियर खेळाडूंच्या ओंटारिओ हॉकी लीगच्या निवडीपूर्वी गुण वाढवून देऊ, असे ते म्हणतात. दोन हंगामांपासून मलाही त्याच्या खेळाची शंका आहे, पण प्रशिक्षकांशी बोलण्याचा संकोच वाटतो. पैसे भरावेत का? (ब्रॅम्प्टन)

भरू नयेत, निदान खाली लिहिलेले सर्व करून झाल्याशिवाय तरी भरू नयेत. अशी पत्रे दर वसंतात येतात, म्हणून या उत्तराला जरा जागा घेतो.

एका स्पर्धेत तुमचा मुलगा बर्फावर असताना दोन्ही संघांचे मिळून फार तर शंभरेक प्रयत्न झाले असतील. शंभर प्रयत्नांत योगायोगाचा हेलकावाच ५ टक्क्यांचा असतो. म्हणजे अगदी सरासरी खेळणारा मुलगाही एका स्पर्धेत ४४ वर आणि पुढच्या स्पर्धेत ५६ वर सहज दिसेल. हीच या धंद्याची खरी युक्ती आहे. कमी आकडा आलेल्या पालकाला पॅकेज विकले जाते. पुढच्या स्पर्धेत आकडा आपोआप सरासरीकडे सरकतो आणि त्याचे श्रेय पॅकेजला जाते. आकडा न सरकलेले पालक तक्रार करत नाहीत, कारण दोष मुलाचाच आहे असे त्यांना पटवलेले असते.

आता त्या ३८ गुणांकडे वळू. ते कशाचे मिळून झाले आहेत, कोणत्या बाबीला किती वजन दिले आहे, चित्रफीत पाहून नोंदी कोणी केल्या, आणि दुसऱ्या माणसाने त्याच नोंदी केल्या तर त्या जुळतात का, हे चार प्रश्न त्या कंपनीला लेखी विचारा. उत्तर मिळाले नाही, तर तो आकडा कागदावरच राहू द्या. वसंतातले संघ बहुधा चार दिवसांपुरते जमवलेले असतात. मुलाचा जोडीदार कोण होता, तो डावा की उजवा, आणि तुमच्या मुलाला नेहमीच्या बाजूने खेळवले होते की नाही, याचाही त्या अहवालात उल्लेख नसेल.

एरिक टल्स्की हे रसायनशास्त्रज्ञ, जे २०२४ पासून कॅरोलिना हरिकेन्सचे जनरल मॅनेजर आहेत, त्यांनी सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये दाखवून दिले की, पक ताब्यात ठेवून ब्लू लाइन (आक्रमणाचा भाग जिथे सुरू होतो ती निळी रेषा) ओलांडली, तर तो आत टाकून मागे धावण्याच्या तुलनेत दुपटीहून अधिक शॉट मिळतात. डिफेन्समनच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे : त्याचे स्वतःचे म्हणता येईल असे काम ब्लू लाइनवर आणि स्वतःच्या जाळीमागे होते. तेव्हा एक वही घ्या आणि साध्या लीग सामन्यांत दोनच गोष्टी नोंदवा. समोरचा खेळाडू त्याच्या बाजूने पक घेऊन आला, तेव्हा त्याने त्याला रेषेवर अडवले, पक आत टाकायला भाग पाडले, की सहज आत येऊ दिले? आणि कोपऱ्यातून पक उचलल्यावर त्याने तो सोबत्याकडे नीट पोचवला, स्वतः नेला, की रिंकभोवतीच्या काचेवर आपटून दिला? पकाकडे जाताना त्याने खांद्यावरून मागे नजर टाकली का, हेही बाजूला लिहा. महिन्या-दोन महिन्यांच्या अशा नोंदी त्या रंगीत अहवालापेक्षा अधिक बोलक्या ठरतील.

पण त्या नोंदींवरूनही निकाल तुम्ही देऊ नका. वही घेऊन प्रशिक्षकांकडे जा. दोन हंगाम शंका मनात ठेवून तुम्ही बसलात, आणि ज्याने मुलाला आठवड्यातून अनेकदा पाहिले त्याला विचारण्याऐवजी चार दिवस पाहणाऱ्याला पैसे देण्याचा विचार करता आहात, हे मला समजत नाही. पक काचेवर आपटून बाहेर काढण्याची सूचना कदाचित प्रशिक्षकांनीच दिलेली असेल. तसे असेल, तर त्या आकड्याचा मुलाशी संबंधच उरत नाही.

मुलाची वाढ कमी वाटत असेल, तर त्याबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा. ड्रेसिंग रूममधल्या सल्ल्यावरून पावडरी सुरू करू नका. डिफेन्समन लेन हटसनची उंची पाहून संघ बिचकत होते, आणि आपल्या हाडांची वाढ अजून पूर्ण व्हायची आहे असे डॉक्टरांचे पत्र त्याने संघांना दाखवले होते. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगचे संघ तरुण खेळाडू क्रमाने निवडतात तेव्हा, मॉन्ट्रियलच्या संघाने त्याला ६२ व्या क्रमांकावर घेतले. २०२४-२५ मध्ये ६६ गुण मिळवून त्याने सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी जिंकली.

प्रश्न : पहिल्या हंगामात तो बर्फावर असताना संघ गोलांवर गोल करत होता, दुसऱ्या हंगामात सगळे उलटले. नव्या प्रशिक्षकाने त्याला बिघडवले का? (सिअ‍ॅटल)

प्रशिक्षकाला फाशी देण्यापूर्वी पीडीओ पाहा. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाच्या शॉटपैकी किती टक्के गोल झाले आणि आपल्या गोलरक्षकाने किती टक्के शॉट थोपवले, या दोहोंची ती बेरीज असते, आणि दीर्घकाळात ती १०० च्या आसपास घुटमळते. पहिल्या वर्षी ती १०३ असेल, तर दुसऱ्या वर्षीची घसरण आधीच लिहून ठेवलेली होती. शॉट किती आणि कुठून येतात यावर डिफेन्समनचा थोडाफार ताबा असतो. त्याच्या मागचा गोलरक्षक किती थोपवतो, यावर जवळजवळ नसतो. दुखापतीची शक्यताही विसरू नका. संघ ‘शरीराचा वरचा भाग’ किंवा ‘खालचा भाग’ एवढेच सांगतात आणि पुष्कळदा तेवढेही नाही.

प्रश्न : डिफेन्समनला ३०० सामने झाल्याशिवाय जोखू नये म्हणतात. खरे आहे का? (व्हँकुव्हर)

ही ऐकीव गोष्ट आहे. कार्लसनला पहिली नॉरिस २२ व्या वर्षी मिळाली, ॲडम फॉक्स आणि केल मकार यांना २३ व्या वर्षी. उलट मार्क जिओर्डानोला, ज्याला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नव्हते, ती २०१९ मध्ये ३५ व्या वर्षी मिळाली. सामन्यांचा ठरावीक आकडा नसतो. तुम्ही कोणता प्रश्न विचारता, त्यावर किती नमुना पुरेल ते ठरते : प्रयत्नांच्या टक्केवारीबाबत एक-दोन हंगाम बरेच काही सांगतात, गोलांना अनेक हंगामही पुरत नाहीत.

प्रश्न : ज्युनियर लीगमधल्या गुणांना ठरावीक गुणकाने गुणून तो वरच्या लीगमध्ये किती गुण मिळवेल ते काढता येते. ड्राफ्टसाठी एवढे पुरे नाही का? (बोस्टन)

पुरे नाही. ते गुणक लीग बदललेल्या खेळाडूंवरून काढलेले असतात, आणि लीग बदलण्याची संधी मुळात निवडलेल्यांनाच मिळते. गुणांमधला पॉवर प्लेचा वाटा वेगळा करा आणि वय दिवसांत मोजा. १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण करणारा मुलगा त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र ठरतो. त्यामुळे एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळजवळ वर्षाचे अंतर असू शकते. ५ सप्टेंबर २००७ ला जन्मलेला मॅथ्यू शेफर २०२५ च्या ड्राफ्टमधल्या सर्वांत लहान मुलांपैकी होता. दुखापतीमुळे तो त्या हंगामात ईरी ऑटर्सकडून केवळ १७ सामने खेळला, तरी न्यू यॉर्क आयलंडर्सनी त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. १७ सामन्यांना गुणकाने गुणून असा निर्णय होत नसतो. त्यामागे स्काउटांनी प्रत्यक्ष पाहिलेले पुष्कळ काही असते.

प्रश्न : मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी आहे. लीगच्या सार्वजनिक नोंदींवरून अपेक्षित गोलांचे (कोणत्या शॉटचा गोल होण्याची शक्यता किती, हे सांगणारे) प्रारूप बनवून तरुण डिफेन्समनची यादी लावायची आहे. काय सांभाळावे? (पुणे)

प्रारूप जरूर बनवा. यादी लावण्याची घाई करू नका. अडवलेल्या शॉटची जी जागा नोंदींत दिलेली असते, ती शॉट जिथून मारला तिथली नसून जिथे तो अडवला तिथली असते. शॉटच्या आधीचे पास त्या नोंदींत नसतात; त्यामुळे जाळीसमोरून आडवा पास जाऊ दिलेला डिफेन्समन आणि तो तोडणारा डिफेन्समन यांतला फरक तुमच्या प्रारूपाला कळणारच नाही. मागे असलेला संघ अधिक शॉट मारतो, म्हणून गुणफलकाची स्थिती विचारात घ्या. प्रत्येक नावापुढे एकच अंक न लिहिता अंदाजाचा पल्लाही द्या; मग यादीतले बरेचसे क्रम एकमेकांत मिसळलेले दिसतील. प्रतिगमनातला दंडाचा (टोकाचे अंदाज आवरणारा) गुणांक कसा निवडला, हे तुमच्या प्राध्यापकांना दाखवून घ्या.

प्रश्न : २०२३ पासून लीग स्वतःच खेळाडूंचा स्केटिंगचा वेग प्रसिद्ध करते. सर्वांत वेगवान तरुण डिफेन्समन निवडला तर चालेल ना? (डॅलस)

चालणार नाही, कमाल वेग बहुधा मोकळ्या बर्फावर सरळ रेषेत गाठला जातो, आणि डिफेन्समनचे बरेचसे काम मागे सरकताना व वळताना होते.